सोमा, ते राहिलेलं वाक्य

ताप अंगावर काढतात का रे, सोमा? अख्खा कॉम्प्युटर कोळून प्यायलेला माणूस तू, आणि डोकं ठणकतंय, अंग मोडून आलंय म्हणत वरच्या खोलीत बसून राहिलास. मी पेज करून दिली, जिन्यात उभी राहून ‘दवाखान्यात चल’ म्हणून ओरडले, तर वरून काय उत्तर? ‘मावशी, एवढं टेस्टिंग झालं की जातो.’ डेंग्यू काय तुझं टेस्टिंग संपायची वाट बघत बसणार होता? शेवटी तुझे वडील, आबा, येऊन तुला घेऊन गेले, आणि तू परत आलाच नाहीस. मला तुझा राग आलाय. तो आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं नीट बोलता येईल.

खाली स्वयंपाकघरात मी अजून दोन कप आधण ठेवते. मग एक कप ओतून देते.

तू पहिल्यांदा आलास तो दिवस आठवतो. सणसवाडीच्या एका कारखान्यात तू मशिनींचं प्रोग्रॅमिंग बघायचास, आणि खोली हुडकत शिरूरला आलेलास. मी एसटीतून नुकतीच रिटायर झालेली. शिरूर स्टँडवर कंट्रोलर होते, माईकवर गाड्या पुकारायच्या हे माझं काम. घरधनी गेल्यापासून वरची खोली रिकामीच होती. मी दारातच विचारलं, ‘नाव काय? गाव कुठलं? जेवण बाहेर का घरी?’ तर तू उत्तरच देईनास. नुसता माझ्या तोंडाकडं बघत उभा. मग म्हणालास, ‘शिरूरहून न्हावरा, चौफुलामार्गे दौंडला जाणारी गाडी फलाटावर लागत आहे... त्या बाई तुम्हीच ना?’ कॉलेजात असताना दर शनिवारी तीच गाडी धरून तू घरी जायचास, चौफुल्याला उतरून वरवंडला. मी मग बाकी चौकशी केलीच नाही. सामान कधी आणतोस, एवढंच विचारलं.

पहिला महिनाभर ‘मावशी, तुम्ही’ चाललं. ईदला शीरखुर्म्याची दुसरी वाटी मागितलीस तेव्हा ‘मावशी, तू’ झालं. मला ते आवडलं होतं.

मग एक दिवस भर दुपारी तू घरात. मी विचारलं, ‘आज सुट्टी?’

‘न्हाई मावशी. सोडली नोकरी. आता स्वतःची कंपनी.’

‘या अल्ला! आणि कुठं आहे ही कंपनी?’

तू बोट वर केलंस. ‘वर. जिना चढलं की.’

‘माणसं किती?’

‘सध्या एक. तू च्या देत राहिलीस तर दोन.’

मी कपाळाला हात लावला. पण तुझ्या चेहऱ्यावर जे होतं ना, ते मी स्टँडवर फार थोड्या लोकांच्या चेहऱ्यावर बघितलं होतं. गाडी चुकली तरी चालेल, पण जायचं तिथंच जायचं, असली माणसं.

कंपनी काय करणार, ते मला समजावायला तुला अख्खी संध्याकाळ लागली. वरवंडच्या शिवारात तुझे आबा, मधले आप्पा आणि धाकटे नाना, अशा तिघा भावांची एक विहीर. मोटर एक, पाइपलाइन एक, आणि पाणी पाळीनं. आबांचं झालं की आप्पांचं, आप्पांचं झालं की नानांचं. त्यात शेतीची लाइट या आठवड्यात दिवसा, तर पुढच्या आठवड्यात रात्री. आबांच्या पाळीत लाइट गेली तर बुडालेले तास कुणाचे? यावरून सख्खे भाऊ एकमेकांच्या दारात जायचे बंद होतात. घरोघरी हीच रड. तू म्हणालास, ‘मावशी, हे सगळं गणित हाय. आन् गणिताला राग येत न्हाई. ते मशीननं करावं, म्हंजी माणसं भांडायची न्हाईत.’ ज्याची पाळी, त्याला वेळेवर फोन जाणार, लाइट किती वाजता, आधीच्याचं पाणी झालं का, सगळं त्यात सांगणार. नाव ठेवणार होतास ‘पाळी’. मी म्हणाले, ‘मुडद्या, बायका-मुली फिदीफिदी हसतील.’ तू कानापर्यंत लाल झालास. मग ‘बारी’ ठेवलंस.

फोनवर बोलणार कोण, हा प्रश्न आला तेव्हा तू जिन्यात बसून लाडीगोडी लावायला लागलास. मशीनचा आवाज लावून बघितला होतास. ती बाई ‘विहीर’ असं म्हणायची जणू तिनं जन्मात विहीर बघितली नाही. ‘तुझाच आवाज दे मावशी. लोकं या आवाजावर गाडीत चढत्यात, पाणी पण सोडतील.’ तुला स्टुडिओ कुठला परवडायला! गाद्यांच्या खोलीत पंखा बंद करून, डोक्यावर गोधडी घेऊन, आतमध्ये मी आणि तुझा फोन. वैशाखातलं ऊन, मी घामानं निथळतेय आणि तू बाहेरून सूचना देतोस, ‘मावशी, वाईच हसून.’ सुरुवातीला काय म्हणायचं यावर तू घुटमळलास. माझ्या तोंडून ‘राम राम’ कसं म्हणवून घ्यायचं, असं तुझ्या मनात. मी म्हणाले, ‘अरे येड्या, आख्खी नोकरी मी स्टँडवर राम राम करत आणि घेत आलेय. लाव गुमान.’

एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. रिटायर झाल्यावर माझा आवाज घरातच पडून होता. भाजीवाल्याशी घासाघीस करायची आणि पुण्याच्या लेकीशी फोनवर बोलायचं, एवढंच त्याला काम. दिवसभर गर्दीला हाका मारणारी बाई मी, मला ते घर खायला उठायचं. तू तो आवाज परत कामाला लावलास. सोमा, त्याबद्दल तुझे उपकार मानायचे राहून गेले.

किती मजेत गेली ती वर्षं! तू वर एकटाच बडबडायचास. पहिल्यांदा मला वाटलं, पोरगीबिरगी आहे फोनवर. मी चोरून ऐकलं, तर तू त्या प्रोग्रॅमला शिव्या देत होतास. काही अडलं की खाली येऊन माझ्यासमोर बसायचास. मी कोथिंबीर निवडतेय, आणि तू ‘हे बघ मावशी, इथनं फोन जातो, मग तो थांबतो, मग...’ असं सांगत सुटायचास. मला त्यातलं ओ का ठो कळायचं नाही. मी मान डोलवायची. मधेच तू थांबायचास, डोळे मोठे करायचास, ‘आयला, कळलं!’ म्हणून जिन्यावरून धूम. मी तोंडातून एक शब्द काढलेला नसायचा. आणि थोड्या वेळानं परत खाली येऊन ‘मावशी, तुझ्यामुळं सुटलं’ म्हणायचास, तेव्हा मी आपली ऐटीत चहा ठेवायचे.

आणि लोकांची उत्तरं! ती तर मी कधी विसरायची नाही. माझा निरोप नुसता भरलेला, पण गावोगावची माणसं त्याच्याशी बोलायची. तू निरोपानंतरचे काही क्षण साठवून ठेवायचास आणि दुपारी चहाबरोबर मला ऐकवायचास. ‘व्हय बाई, निघालोच.’ ‘बाई, वाईच थांबा, धार काढतोय.’ एक म्हातारे मामा तर रोज माझी ख्यालीखुशाली विचारायचे आणि उत्तर आलं नाही म्हणून रुसायचे. तू पोट धरून हसायचास. ‘मावशी, ते मशीनशी बोलत्यात!’ मी म्हणायचे, ‘मशीनशी नाही, माझ्याशी बोलतात. तुला काय कळतंय?’

पण आप्पांचं ते प्रकरण झालं तेव्हा तू हसला नाहीस.

बारी तू पहिल्यांदा लावलीस ती स्वतःच्या घरच्या विहिरीवर. आबांच्या पाळीत लाइट गेली. तुझ्या गणितानं बुडालेले तास मोजले आणि आप्पांची पाळी तेवढी पुढं ढकलली. चोख हिशोब, कुणाला खोट काढता येणार नाही असा. आप्पा भल्या सकाळी विहिरीवर जाऊन उभे, तेवढ्यात त्यांना माझा फोन. राम राम, तुमची पाळी उशिरानं सुरू होईल. आप्पांचा जो भडका उडाला, तो निरोपामागं साठलेला तू मला ऐकवलास. ‘कोण ही बाई, माझं पाणी थांबवणारी? आबानं इचारलं असतं तर आख्खा दिस दिला असता म्या! इचारायला त्याची जीभ झडली व्हती का?’ त्या दिवसापासून आप्पा आबांशी बोलेनासे झाले. बारीचा फोन गेला की उचलायचे, आणि माझा राम राम कानावर पडला की कापायचे.

तू दोन दिवस जेवला नाहीस. भांडण मिटवायला केलेल्या गोष्टीनं तुझ्याच घरात भांडण लावलं. मी तेव्हा तुला एकच सांगितलं, की तुझं गणित बरोबर आहे रे, पण तुमच्यात पाणी मागून घ्यायची पद्धत आहे. मागण्याच्या निमित्तानं भाऊ भावाशी बोलतो. तू ते मागणंच काढून टाकलंस. त्यावर तू माझ्याशी तावातावानं भांडलास, आणि नंतर गुपचूप वर जाऊन सगळं बदललंस. तेव्हापासून लाइट गेली की बारी तास ढकलत नाही, दोघांचा फोन एकमेकांना जोडून देते आणि गप्प बसते. बाकीच्या गावांत ते मस्त चाललं. आप्पा मात्र हटले नाहीत.

आपलं दुसरं एक भांडण तर अजून मिटलेलं नाही. मी म्हणायचे, एक माणूस तरी घे हाताशी. तू म्हणायचास, ‘त्याला समजावून सांगेपर्यंत माझं काम व्हतं.’ ‘आणि उद्या तू आजारी पडलास तर?’ ‘सर्व्हर आजारी पडत न्हाई, मावशी.’ बघ, तुझंच खरं झालं. सर्व्हर ठणठणीत आहे.

आणि तिसरं भांडण त्या वाक्याचं. तुझ्या बारीत नियम होता, फोन करकरून कुणी उचललाच नाही तर पाळी पुढच्या माणसाला. मी सहज विचारलं, ‘आणि माणूस गेलाच असेल तर?’ तू खांदे उडवलेस. ‘तरी पुढच्याला. मशीनला काय कळणार?’ मी चिडले. तूच मला सांगितलं होतंस ना, तुझे आजोबा गेले तेव्हा दहाव्यापर्यंत तुमच्या पिकाला बाकीच्यांनी पाणी दिलं? ज्या घरातलं माणूस गेलं, त्याची पाळी गिळायची नाही, आपण जाऊन त्याच्या उसात पाणी सोडायचं, ही तुमची पद्धत. मग? तू म्हणालास, ‘व्हय की.’

आठवड्याभरात तू ते करून आणलंस. माझ्या आवाजाच्या पानावर, जिथं मी निरोप भरते तिथं, नवी खूण आली. ‘माणूस गेला’ अशी खूण केली की पाळी पुढं जाणार नाही, विहिरीवरच्या बाकीच्यांना फोन जाईल. फक्त त्या फोनचं वाक्य मी बोलायचं होतं. वाक्य भरेपर्यंत ते चालू होणार नव्हतं. तू लिहून दिलंस, ‘पाळीदार उपलब्ध नाही. त्यांच्या वतीने पाणी देण्यासाठी एक दाबा.’ मी म्हणाले, ‘उपलब्ध नाही? माणूस म्हणजे काय गॅसची टाकी आहे? मी नाही असलं बोलणार.’ तू म्हणालास, ‘मग तू सांग, सगळ्या गावांना, सगळ्या माणसांना चालेल असं.’ मला काही सुचेना. मग रोज जिन्यातून तुझी आरोळी, ‘मावशी, वाक्य!’ आणि खालून माझी, ‘थांब रे, सुचू दे!’ शेवटच्या आठवड्यात तापानं फणफणलेला असतानाही तू तीच आरोळी मारलीस, जरा बारीक आवाजात.

तुझ्या घरी मी पहिल्यांदा आले ती तू नसताना. अंगणात पुरुषमाणसं बसलेली. मी आत जाऊन तुझ्या आईचा हात धरला आणि म्हणाले, ‘ताई, मी शिरूरची रेहाना.’ एवढंच बोलले, तर बाहेरच्या सगळ्या माना वळल्या. कुणीतरी हळूच म्हणालं, ‘ही फोनवाली बाई.’ तुझी आई माझ्या गळ्यात पडून रडली. म्हणाली, ‘तुमच्या आवाजात तो हाय बाई, बोलत ऱ्हावा.’ मी तिची पाठ थोपटत राहिले. आप्पा पण होते. त्यांनी तुला खांदा दिला होता, पण आबा ओट्याच्या या टोकाला, तर ते त्या टोकाला. मधे एवढं दुःख पडलेलं, आणि दोघं दोन दिशांना बघत बसलेले.

परत आल्यावर सवयीनं लॅपटॉपवर माझं पान उघडलं. दहाव्याच्या आधीच तुमच्या घरची पाळी लागत होती, आणि आबांच्या पाळीला नंबर होता तुझा. तुझा फोन तुझ्या आईनं बंद करून कपाटात ठेवलेला. म्हणजे तुझाच प्रोग्रॅम तुला हाका मारणार, तू उचलणार नाहीस, आणि पाणी जाणार पुढच्याला. पुढचे कोण? आप्पा. सोमा, कळतंय का तुला? ऊन असं की ऊस पिवळा पडायला लागलेला, आणि उद्या गाव म्हणणार, पुतण्याचा दहावा व्हायच्या आत आप्पानं त्याचं पाणी घेतलं. त्या बिचाऱ्याला ठाऊकही नाही. पण असलं बोलणं गावात एकदा निघालं की नातवंडांपर्यंत पुरतं.

फोन करून सांगता आलं असतं, म्हणशील. कुणाला? ज्या घरात तुझी आई भिंतीला टेकून बसलीय, तिथं पाण्याच्या पाळीचं कसं काढू? आणि आप्पा तर माझा आवाज आला की कापतात.

मग मी गाद्यांच्या खोलीत गेले. पंखा बंद केला, गोधडी डोक्यावर घेतली. बाहेरून ‘वाईच हसून’ म्हणणारं कुणी नव्हतं. सगळ्यांना चालेल असं वाक्य मला सुचलं नाही ते नाहीच. मी तुझ्याच नावाचं बोलले. ‘राम राम. आपला सोमा गेला. आज त्याच्या घरची पाण्याची पाळी. त्याच्या उसाला पाणी कोण सोडतंय? जाणार असाल तर एक दाबा.’ ‘गेला’ म्हणताना आवाज फाटला. तो तसाच ठेवला. यापुढं जिथं कुणी जाईल, तिथं त्याच्या त्याच्या नावाचं वेगळं बोलीन. हे वाढतं काम आहे, असं तू म्हणाला असतास. असू दे वाढतं.

मग तुझ्या नंबरासमोर ‘माणूस गेला’ ही खूण मला करावी लागली. माझ्या हातानं, सोमा.

पाळीच्या सकाळी फोन गेले. नानांनी लगेच एक दाबला. आप्पांचं नाव मी बघत बसले. त्यांनी उचलला. कापला नाही. पण एकही दाबला नाही. मग लक्षात आलं की निरोपानंतरचं काहीतरी साठलंय. तू चहाबरोबर लावायचास ते बटण मी एकटीनं पहिल्यांदाच दाबलं.

आधी नुसता पाण्याचा आवाज. पाइपातून पडतं तसा, मोठा. मग आप्पा खाकरले.

‘बाई, एक कशाला दाबू? मी बांधावच हाय. लाइट आली तशी मोटर टाकली, त्याच्याच उसात पाणी चाललंय.’ मग बराच वेळ पाणीच. ‘आबाला बोलीवलंय हिकडं. बसलाय माझ्याशेजारी. च्या पितोय.’ परत पाणी. ‘तुमी रडू नगा. जेवला का तुमी?’

सोमा, ते मशीनशी नव्हते बोलत. मी लॅपटॉपसमोर बसून मोठ्यानं म्हणाले, ‘जेवते, आप्पा.’